कॉम्प्युटर घेण्याआधी भेटा

परभणीत कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदारांपैकी शोभाताई भालेरावांना ओळखत नाही असा मला तरी कुणी भेटला नाही. आवडीनं ओळखणारे किती, हा प्रश्न वेगळा. ताई दुकानात शिरल्या की मालक हातातला फोन खाली ठेवायचा. कपाटामागं सरकवून ठेवलेला एखादा डबा आणखी आत सरकवला जायचा. ताईंना ते दिसायचं आणि त्या म्हणायच्या, "तो मागचाच दाखवा आधी."

पन्नाशीची, ठेंगणी, सावळी बाई. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत चार पेचकस, रंगकामाचा एक मऊ ब्रश, एक पेन ड्राइव्ह आणि घरून आणलेली पाण्याची बाटली. दुकानातला चहा त्या खरेदीचा निर्णय होईपर्यंत घेत नसत. "आधी चहा पेला की जीभ जड होती," असं त्यांचं म्हणणं. दुकानदार गरम कप पुढं करायचा, ताई तो बाजूला ठेवायच्या आणि पेचकस काढायच्या.

एका सरकारी कचेरीत त्या ठेक्यावर ऑपरेटर होत्या. तिथलं मशीन बंद पडलं की दुरुस्तीचा माणूस यायला आठ-आठ दिवस लागत, आणि तोवर रांगेतली माणसं ओरडत ती ताईंवर. एक दिवस त्यांनी स्वतःच डबा उघडला. आत काय दिसलं, असं मी एकदा विचारलं होतं. "धूळ," त्या म्हणाल्या. "नुसती धूळ, सर. पुसली, आन् मशीन चालू झालं. तवापासून मला कुठल्या बी डब्याचं भेव वाटत न्हाई." अठरा वर्षांनी ठेका संपला. ताईंनी ताडकळसच्या बाजारगल्लीत एक खोली घेतली. तिथं त्या दुरुस्ती करायच्या, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या. दारावर त्यांनी हातानं रंगवून पाटी लावली, 'कॉम्प्युटर घेण्याआधी भेटा'. खाली नाव नाही, नंबर नाही. गावात तेवढ्यानं काम भागत होतं.

मी तेव्हा ताडकळसच्या शाळेत मराठी शिकवत होतो. मुलगी अकरावीला गेली, मलाही प्रश्नपत्रिका घरी तयार करता याव्यात असं वाटायला लागलं, म्हणून कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. एका जाहिरातीत पातळ, चांदीच्या रंगाचा एक सुंदर संच पाहिला होता. त्याचं चित्र घेऊन मी ताईंकडं गेलो. चित्राकडं त्यांनी बघितलंच नाही.

"कशाला पायजे?"

"घरी एक असावा म्हणून."

"घरी रांजण बी असतो, सर. काम काय करायचं हाय त्याच्यावर?"

मी गडबडलो. मग सांगत गेलो आणि त्या एका पाठकोऱ्या कागदावर लिहीत गेल्या. कोण बसणार, किती वेळ, टायपिंग किती, व्हिडिओ किती. त्यानंतरचे प्रश्न मला कुठल्याच दुकानात कुणी विचारले नव्हते. छत पत्र्याचं की स्लॅबचं? टेबल खिडकीशी की भिंतीशी? लाईट दिवसातून किती वेळा जाते? शेजारी पिठाची गिरणी आहे का?

"ह्याचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध?"

"त्याला तुमच्या घरात ऱ्हायचंय. मग घर विचारायला नको?"

शुक्रवारी आम्ही बसनं परभणीला गेलो. दुकानदारानं एक चमकदार संच पुढं केला, "मॅडम, एकदम नवं, टॉप मशीन. असा पीस मार्केटमध्ये नाही."

"प्रोसेसर कितव्या पिढीचा?"

"फास्ट आहे मॅडम, एकदम फास्ट."

"पिढी विचारली मी."

पिढी जुनी निघाली. नव्या सिस्टिमला ती चालणार नव्हती. ताईंनी पेन ड्राइव्ह लावला, पडद्यावर आकडे आले. त्यांनी मला जवळ बोलावलं. "ट्रॅक्टर जुना घेताना मीटरवरचे तास बघतेत का न्हाई? हिथं बी तसंच. ही डिस्क किती तास फिरलीय बघा." आकडा एकोणीस हजारांच्या वर होता. ताई दुकानदाराकडं वळल्या. आवाज चढला नाही. "एकोणीस हजार तास फिरलेली डिस्क नवी म्हणून द्यायलाव व्हय, भाऊ?"

शेवटी त्यांनी निवडला तो एका कार्यालयातून बदली होऊन आलेला काळा, बोजड डबा. दिसायला अगदीच सामान्य. त्यात नवी डिस्क टाकून घेतली, मेमरी वाढवून घेतली आणि वाचलेल्या पैशांत यूपीएस घ्यायला लावला. "डब्याच्या रंगात पैसा घालू नका. पैसा आत घाला," त्या म्हणाल्या. मग पाठीमागच्या जाळीवर तळहात ठेवून अर्धा तास मशीन चालवलं. हात गरम होतोय का, पंख्याचा आवाज बदलतोय का, एवढंच त्या बघत होत्या. समाधान झालं तेव्हा दुकानदाराला म्हणाल्या, "आणा आता चहा." गार झालेला पहिला कप त्यानं निमूटपणे उचलून नेला. सात वर्षं झाली. हे मी त्याच डब्यावर लिहितोय.

ताईंचं कधी चुकलं नाही असं मात्र नाही. एकदा चुकलं, आणि ते त्या स्वतःच येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या.

गावात गोविंदगुरुजी म्हणून निवृत्त मुख्याध्यापक होते. पंचाहत्तरी ओलांडलेली, स्वभाव कडक. आपल्या भागातल्या बोलीचे शब्द गोळा करायचा त्यांना नाद होता. चिठ्ठ्यांवर लिहिलेले शब्द त्यांनी दोन बोटांनी टाइप करत चार वर्षं कॉम्प्युटरमध्ये भरले होते, आणि टाइप झालेली चिठ्ठी ते फाडून टाकायचे. तो कॉम्प्युटर ताईंनीच निवडून दिला होता. खरेदीच्या दिवशी दुकानात उशीर झाला, गाडी सुटेल म्हणून घाई झाली आणि डिस्कचे तास बघायचे राहिले. एका सकाळी मशीन खटखट वाजलं आणि बंद पडलं. शब्द गेले.

ताईंनी डिस्क मोठ्या शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडं पाठवली. ती तशीच परत आली. मग त्या गुरुजींच्या घरी गेल्या. मी तिथंच बसलेलो होतो.

"गुरुजी, तास बघायचे ऱ्हायले माझ्याकडून. चूक माझी हाय."

गुरुजी त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "तुमची चूक तुमच्याजवळ ठेवा. माझे शब्द आणून द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता ताई हजर. काखेत स्वतःचा कीबोर्ड. गुरुजींच्या मशीनमध्ये त्यांनी नवी डिस्क बसवली, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा. उरलेल्या चिठ्ठ्या हायत त्या मी बघून लिहिते. गेलेले तुमाला आठवतील तसे सांगा."

गुरुजींच्या पत्नीनं, काकूंनी, डोळ्यानं खुणावलं तेव्हा गुरुजींनी तोंड भिंतीकडं केलं आणि भिंतीला शब्द सांगायला सुरुवात केली. "दस्ती. म्हणजे हातरुमाल." ताई टाइप करायच्या. "औंदा. म्हणजे यंदा." ताई टाइप करायच्या. असे सात दिवस गेले. ताईंशी एक शब्द नाही, सगळे भिंतीशी.

आठव्या दिवशी गुरुजी भिंतीला म्हणाले, "उलीसं. म्हणजे थोडंसं."

कीबोर्डचा आवाज थांबला. "आमच्याकडं उलसं म्हणतेत."

"आमच्याकडं म्हणजे कुठं?"

"माह्या माहेरी. सोनपेठकडं."

"वाक्यात सांगा."

"उलसं सरकून बसा. उलसं मीठ घाल. उलसं थांबा की, गाडी यायलीय."

गुरुजींनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. "दोन्ही लिहा," ते म्हणाले. "पुढं सोनपेठ असं लिहा."

त्या दिवसापासून भिंतीचं काम संपलं. ताई बाजारातनं, बसमधनं, फॉर्म भरायला आलेल्या बायांकडून शब्द ऐकून यायच्या आणि तीन वाजता गुरुजींपुढं ठेवायच्या. दोघांचे वाद व्हायचे. गुरुजी म्हणायचे हा शब्द असा नाही, ताई म्हणायच्या काल बसमधली बाई हेच बोलली, तुमी तिला सांगा. काकू मधे थालीपीठ ठेवून जायच्या. चार महिन्यांनी यादी पूर्ण झाली तेव्हा ती पहिल्यापेक्षा मोठी होती. ताईंनी तिच्या तीन प्रती केल्या. एक गुरुजींच्या मशीनमध्ये, एक काकूंच्या लोखंडी पेटीत, एक माझ्या घरी. त्यानंतर ताईंनी नियमच केला, दुसरी प्रत कुठं ठेवणार हे गिऱ्हाइकानं सांगितल्याशिवाय मशीन बसवून द्यायचं नाही. गुरुजी मात्र भेटेल त्याला सांगत, "बाईनं माझे शब्द घालवले, आणि जास्तीचे घालून परत दिले."

तिसरी गोष्ट पांडुरंगरावांची. ताईंच्या माहेरच्या गावचे ते जावई, गोदाकाठच्या एका खेड्यातल्या शाळेत लिपिक. चाळिशी उलटल्यावर त्यांची नजर आक्रसत गेली. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचंही. शाळेच्या संस्थेनं त्यांना महिनाभराची मुदत दिली होती, कचेरीचं काम करता येतं हे दाखवा, नाही तर खुर्ची सोडा. ते बायकोचा, सुमनताईंचा, हात धरून ताईंच्या खोलीवर आले. त्या दिवशी मी प्रिंट काढायला गेलो होतो.

"सगळ्यांनी सांगितलं, मोठा पडदा घ्या," पांडुरंगराव म्हणाले. "सगळ्यात मोठा असेल तो द्या बघून."

"तुमाला आता दिसतं किती?" ताईंनी विचारलं.

"उजेड-अंधार कळतो."

"मग पडदा कुणासाठी घ्यायलाव?"

सुमनताईंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, ताईंनी जरा बेतानं बोलायला हवं होतं. पण पांडुरंगरावांची मान वर झाली. इतक्या महिन्यांत त्यांच्याशी कुणी सरळ बोललं नसावं.

"मग काय घेऊ?"

"हात पुढं करा," ताई म्हणाल्या.

त्यांनी खोलीतले चार-पाच कीबोर्ड एकेक करून त्यांच्या हाताखाली ठेवले. दोन दिवसांनी परभणीतली चार दुकानं पालथी घातली तेव्हाही हेच. दुकानदार पातळ, देखणे कीबोर्ड काढायचे, पांडुरंगराव बोटं फिरवून मान हलवायचे. चौथ्या दुकानात तळाच्या कप्प्यातून एक जुन्या घाटाचा, जाड बटणांचा निघाला. दाबलं की टक् असा स्पष्ट आवाज यायचा. "हिथं दोन बटणांवर बारीक उंचवटे हायत, गवसले का?" ताई म्हणाल्या. "बोटं तिथं ठेवायची. बाकीचं सगळं तिथून मोजायचं." पांडुरंगरावांना ते गवसले, आणि त्यांनी बोटं तिथून उचललीच नाहीत.

पडदा ताईंनी जुना, लहानसा घेतला, कचेरीतल्या इतरांना बघण्यापुरता. उरलेले सगळे पैसे मशीनच्या वेगावर आणि चांगल्या स्पीकरवर लावले. मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घातलं. त्याचा मराठी आवाज भलताच कोरडा होता, नाकात बोलल्यासारखा. त्यानं पहिल्यांदा 'पांडुरंग' वाचून दाखवलं तेव्हा पांडुरंगराव मोठ्यानं हसले. "असं तर आमचे हेडमास्तर बी हाक मारत न्हाईत," ते म्हणाले. आणि सुमनताई त्यांच्या हसण्याकडं बघत राहिल्या.

मग तीन रविवार ताई त्यांच्या गावी गेल्या. मजकूर सांगायला मला बरोबर नेलं. मी शासकीय पत्रं वाचायचो, पांडुरंगराव टाइप करायचे, मशीन वाचून दाखवायचं. पहिल्या रविवारी एका पत्राला पाऊण तास लागला. काना-मात्रा सांडलेले. पांडुरंगराव कीबोर्ड ढकलून उठले. ताईंनी तो परत पुढं ओढला. "आठवडाभर रोज दहा पत्रं लिवा. मी मोजणार न्हाई, तुमचे हातच सांगतील मला," त्या म्हणाल्या. तिसऱ्या रविवारी तेच पत्र त्यांनी आठ मिनिटांत केलं.

ठरलेल्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. मशीन ताईंनी आधीच नेऊन बसवलं होतं. संस्थेची तीन माणसं खुर्च्यांवर. त्यांच्यातले प्रमुख कागद चाळत म्हणाले, "या यंत्रावर हा माणूस काम करू शकतो, असा तज्ज्ञाचा दाखला लागेल. कोण देणार?"

"मी देते," ताई म्हणाल्या. त्यांनी तो लिहूनच आणला होता.

"तुमचं शिक्षण?"

"बारावी."

"मग तुमच्या सहीचा काही उपयोग नाही, बाई."

ताईंनी कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली आणि पिशवीत टाकली. मग पुढं होऊन त्यांनी मशीनचा पडदा बंद केला.

"हे काय करताय?" प्रमुखांनी विचारलं.

"पडदा असला की तुमी पडद्याकडं बघताव. त्यांच्या हाताकडं बघा. सांगा पत्र, कुठलं बी."

प्रमुखांनी मुद्दाम अवघड पत्र सांगितलं. संदर्भ क्रमांक, विषय, आकडे, भरभर. कचेरीत बटणांची टक् टक् आणि टाइप झालेलं वाचणारा मशीनचा कोरडा आवाज चालू राहिला. पांडुरंगरावांचा चेहरा घामानं निथळत होता, बोटं मात्र थांबली नाहीत. प्रिंट निघाली. प्रमुखांनी चष्मा लावून वाचली आणि बोट ठेवलं. "दुसऱ्या ओळीत एक अक्षर चुकलंय."

"तिसऱ्या ओळीत, साहेब," पांडुरंगराव म्हणाले. "मला ऐकू आलं तवाच. पण तुमी थांबला न्हवताव, म्हणून ठेवलं. आता करतो." त्यांनी ते तिथंच दुरुस्त केलं आणि दुसरी प्रिंट हातात दिली.

ओळ तिसरीच होती. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. पांडुरंगराव आजही त्याच खुर्चीवर बसतात.

परतीच्या बसमध्ये मी आनंदात बडबडत होतो. खिडकीबाहेर ऊस मागं पडत होता. गंगाखेड आल्यावर ताई एकदम म्हणाल्या, "सर, बी.ए.चा फॉर्म कवा निघतो?"

"कुणाला भरायचाय?"

"मला."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, दुखावलेल्याही वाटल्या नाहीत. दुकानात शिरताना जशा दिसायच्या तशाच दिसत होत्या. "पुन्हा कुणी शिक्षण विचारलं तर सांगता आलं पायजे," त्या म्हणाल्या. "पांडुरंगरावाचं हातावर भागलं. दुसऱ्या कुणाचं सहीवर अडेल."

घरी बसून शिकणाऱ्यांसाठीच्या अभ्यासक्रमाला त्यांनी नाव घातलं. तीन वर्षं खोलीवर दुरुस्तीच्या टेबलाला टेकवून पुस्तक उघडं असायचं. गिऱ्हाईक आलं की त्या वाचलेल्या ओळीवर पेचकस ठेवायच्या. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेनंतर माझी बदली जिंतूर तालुक्यात झाली आणि ताडकळस सुटलं. ताई पास झाल्याचं मला फोनवर कळलं. सेकंड क्लास. अलीकडं एका अंध मुलीला शाळेनं कॉम्प्युटर द्यावा म्हणून त्यांनी दाखला दिला, आणि तो कुणी परत पाठवला नाही, हेही फोनवरच.

पण डोळ्यांसमोर येतात त्या परीक्षेतल्या ताई. मी पर्यवेक्षक होतो, परभणीतलं केंद्र, अर्थशास्त्राचा पेपर. तिसऱ्या बाकावर ताई बसल्या होत्या. पुढं-मागं विशीतली मुलं-मुली. उत्तरपत्रिकेवर सही करायला मी जवळ गेलो, त्यांचं ओळखपत्र बघितलं, फोटो बघितला. त्यांनी ओळख दाखवली नाही. मीही नाही. इतकी वर्षं बटणं दाबणाऱ्या बोटांना पेनाची सवय राहिली नव्हती, त्या मधूनच मनगट झटकायच्या आणि पुन्हा लिहायला लागायच्या. अक्षर मोठं, सुटं, प्रत्येक ओळ सरळ.

दोन तास झाले तशी मुलं उठून जायला लागली. शेवटच्या अर्ध्या तासात वर्गात चार-पाच जणच उरले. पंखा फिरत होता, बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीला किक मारत होतं. ताईंचा हात वर गेला. मी जवळ गेलो.

"सर, पुरवणी."

मी पुरवणी दिली. ती त्यांनी दोऱ्यानं मूळ उत्तरपत्रिकेला घट्ट बांधली, पहिल्या पानावर बैठक क्रमांक घातला आणि वर न बघता म्हणाल्या, "अजून एक देऊन ठेवा. लागंल."